तार सांगता, पण घोडी का सांगत नाही?

स्ट्रिंग थिअरीवर मराठीत भाषणं देणाऱ्या, व्हिडिओ बनवणाऱ्या आणि शाळा-कॉलेजात जाऊन 'विश्व म्हणजे संगीत' असं सांगणाऱ्या सगळ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेतल्या तंबोरे बनवणाऱ्या घरातला. बीएस्सीला फिजिक्स होतं, मार्कही बरे पडले, पण नंतर दुकानातच बसलो आणि आता दिवसभर जवारी लावणं (तंबोऱ्याच्या तारेचा नाद खुलवणं) हेच काम. म्हणजे तारेशी माझा संबंध दोन्हीकडून आहे, म्हणून हे पत्र लिहायचं धाडस करतोय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

झालं असं की गेल्या हिवाळ्यात आमच्या भागात एका कार्यक्रमात स्ट्रिंग थिअरीवर, म्हणजे जगातला प्रत्येक कण ही मुळात एक इवलीशी हलणारी तार आहे या कल्पनेवर, व्याख्यान होतं (कुणाचं, कुठे ते सांगत नाही, भांडण नकोय). आयोजकांचा पोरगा आदल्या दिवशी दुकानात आला, म्हणाला सरांना डेमोला तंबोरा पाहिजे, दिला. सर बोलायला एकदम झकास, हॉल भरलेला, मागे पोरं उभी होती. सरांनी तंबोरा गिटारसारखा आडवा धरला (असो), चारही तारा एकदम खसाखसा छेडल्या आणि म्हणाले, हा सा म्हणजे इलेक्ट्रॉन, हा प म्हणजे क्वार्क (प्रोटॉनच्या आतला कण), आणि सगळं मिळून जो नाद होतो तो ओंकार, आपल्या ऋषींना हे आधीच ठाऊक होतं. टाळ्या. मग प्रश्नोत्तरं. सातवी-आठवीतली एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारलं, "सर, मग ती तार कशाची बनलेली असते?" सर हसून म्हणाले, "ऊर्जेची, बाळा." परत टाळ्या. मुलगी बसली पण तिच्या तोंडावरून कळत होतं की तिला काही ते पटलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी तंबोरा परत आला तेव्हा घोडीवरचे चारही दोरे गायब. कुणीतरी कचरा समजून काढून टाकले असणार.

आता तुम्ही म्हणाल चार दोऱ्यांवरून एवढं पत्र? तर हो, त्यावरूनच. ज्यांनी तंबोरा जवळून बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. भोपळ्याच्या वरच्या तबलीवर जी घोडी असते, जिच्यावरून तारा जातात, ती वरून सपाट दिसते पण सपाट नसते, तिला अगदी हलकी गोलाई असते, कानशीने आणि पॉलिश पेपरने घासून घासून आणलेली. तार हलते तेव्हा त्या गोलाईला पुन्हा पुन्हा घासून जाते. आणि तार आणि घोडीच्या मधे आम्ही एक सुती दोरा सरकवतो. तो केसभर पुढे घेतला की आवाज बंद, लाकडावर टकटक केल्यासारखा, केसभर मागे घेतला की चरचर, आणि बरोबर जागा सापडली की एकाच तारेतून गंधार, पंचम, वरचा षड्ज असं सगळं कारंजं उडाल्यासारखं बाहेर येतं. याला जवारी लागली म्हणायचं. तार तीच, ताण तोच, खुंटी हललेली नाही, बदलली ती फक्त घोडीवर टेकायची जागा. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर पेपर लिहिलाय. साध्या तारेचा नियम असा की जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू असतो ते उपस्वर ऐकूच येऊ नयेत, आणि रामन यांना तंबोऱ्यात आणि वीणेत ते ठणठणीत ऐकू आले. कारण काय, तर घोडी.

माझी तक्रार सगळी इथेच आहे. तुम्ही लोक तार सांगता आणि घोडी सांगत नाही.

पण आधी मुळात हे सगळं कशासाठी चाललंय ते, कारण बऱ्याच व्याख्यानांत ते दोन मिनिटांत उरकतात आणि थेट ब्लॅक होलवर उडी मारतात. १८२० मध्ये ऑर्स्टेडला दिसलं की वायरमधून करंट सोडला की शेजारची होकायंत्राची सुई हलते, मग फॅरेडे आला, मग १८६० च्या दशकात मॅक्सवेलने वीज आणि चुंबक एकाच समीकरणांत बसवले आणि त्यातून फुकटात प्रकाश निघाला, म्हणजे तो प्रकाशाला शोधत नव्हता, गणितातून लाटेचा वेग काढला तर तो प्रकाशाच्या वेगाएवढा आला. एकीकरण म्हणतात ते हे. दोन गोष्टी एका पिशवीत भरणं म्हणजे एकीकरण नव्हे, भरल्यावर तिसरी अनपेक्षित बाहेर पडली पाहिजे. त्यानंतर ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग यांनी वीजचुंबकत्व आणि किरणोत्सर्गातलं ते क्षीण बल एकत्र बांधलं, १९७९ मध्ये नोबेल मिळालं, आणि त्यांनी सांगितलेले डब्ल्यू आणि झेड हे कण १९८३ मध्ये सर्न या जिनिव्हाजवळच्या प्रयोगशाळेत सापडले. मग वाटलं आता तिसरं, अणूचं केंद्र बांधून ठेवणारं तीव्र बलही आत घेऊ. १९७४ मध्ये तशा थिअऱ्या आल्या, त्यातली एक सलाम आणि आपल्या ओडिशाचे जोगेश पती यांची. यातल्या बऱ्याच थिअऱ्या म्हणत होत्या की प्रोटॉनसुद्धा कधीतरी फुटतो. तो फुटताना बघायला टीआयएफआर या मुंबईतल्या संशोधन संस्थेची मंडळी जपानी लोकांबरोबर १९८० च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरपेक्षा जास्त खोल डिटेक्टर लावून बसली होती. पक्का पुरावा काही मिळाला नाही, आणि आज जपानच्या सुपर-कामिओकांडे डिटेक्टरातून कळतं की प्रोटॉन फुटलाच तर (फुटायच्या काही पद्धती धरल्या तर) त्याचं सरासरी आयुष्य १ वर ३४ शून्यं इतक्या वर्षांपेक्षा जास्त आहे.

आणि या सगळ्यात गुरुत्वाकर्षण बाहेरच उभं. ते इतकं दुबळं की छोटंसं चुंबक टाचणी उचलतं तेव्हा समोर अख्खी पृथ्वी खाली ओढत असते आणि हरते. पण दुबळं असलं तरी हट्टी आहे, बाकीच्या बलांना जे क्वांटमचं, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचं, गणित लागू पडतं ते याला लावलं की उत्तरं अनंत येतात, आणि बाकीच्यांत जशी झाडून काढता येतात तशी काढता येत नाहीत. आइनस्टाइनने आयुष्याची शेवटची तीसेक वर्षं एकीकरणाच्याच मागे घालवली, १९५५ ला गेला तोवर हाती काही लागलं नव्हतं.

स्ट्रिंग थिअरी यावर उपाय म्हणून कुणी बसून शोधलेली नाही, आणि ही गोष्ट तुम्ही सांगत नाही याचं मला नवल वाटतं कारण यापेक्षा मजेदार स्टोरी नाही. १९६८ मध्ये सर्नमध्ये वेनेझियानो नावाचा तरुण इटालियन तीव्र बलाच्या टकरींचा हिशोब लावत होता आणि त्याला ऑयलरचं दोनशे वर्षं जुनं सूत्र त्यावर फिट बसलेलं दिसलं. का बसतंय ते त्यालाही सांगता येत नव्हतं. दोन वर्षांत नांबू, नील्सन आणि ससकिंड या तिघांनी आपापलं वेगवेगळं सांगितलं की अरे, हे सूत्र बिंदूंचं नाहीच, हे हलणाऱ्या तारेचं आहे. पण तोवर क्वार्कवाली थिअरी पुढे निघाली, १९७३ नंतर तीव्र बलासाठी तारेची गरजच उरली नाही. त्यात तारेच्या गणितात एक नको असलेला पाहुणा सारखा यायचा, वस्तुमान शून्य आणि स्पिन (कणाची अंगभूत फिरकी) दोन, असा कण तीव्र बलात नाहीच. १९७४ मध्ये शेर्क आणि श्वार्ट्झ, आणि वेगळेपणाने जपानचे योनेया, यांनी म्हटलं की हा पाहुणा हाकलू नका, हा ग्रॅव्हिटॉन आहे, म्हणजे खुद्द गुरुत्वाकर्षणाचा कण! आपण चुकीच्या दुखण्यावर बरोबर औषध लावत होतो. बहुतेकांनी ऐकून सोडून दिलं. श्वार्ट्झ पुढची दहा वर्षं पक्की प्रोफेसरकी नसताना कॅलटेकमध्ये त्यावरच बसून राहिला, आणि १९८४ मध्ये मायकेल ग्रीनबरोबर दाखवलं की दहा मितींत हे गणित आतून फुटत नाही, सगळे दोष एकमेकांना कापतात. त्यानंतर मग रांगच लागली.

आता तुमचा तो सा म्हणजे इलेक्ट्रॉन. हे चूक आहे हो, आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ते चूक आहे हे माहीत असणार. तंबोऱ्याच्या तारेवर ताण असतो म्हणून ती वाजते, तशी या तारेवरही ताण आहे, पण तो इतका प्रचंड की मूळ पातळीच्या वरचा पहिलाच उपस्वर वाजवायचा तर नेहमीच्या अंदाजाने प्लँक वस्तुमानाच्या जवळपास जाणारी किंमत मोजावी लागते. प्लँक वस्तुमान म्हणजे साधारण मिलिग्रॅमचा पन्नासावा भाग. ऐकायला किरकोळ, पण इलेक्ट्रॉनच्या तुलनेत ते २ वर २२ शून्यं इतक्या पटीने जड आहे. म्हणजे इलेक्ट्रॉन, क्वार्क, फोटॉन, तुम्ही-आम्ही बघितलेले सगळेच कण त्या तारेच्या सगळ्यात खालच्या पातळीतले, ज्यांचं वस्तुमान तिच्या हिशोबाने शून्यच. वरचे स्वर कुणी ऐकलेलेच नाहीत. मग खालच्या एकाच पातळीत इतके वेगवेगळे कण कसे? तर तार कुठल्या दिशेला हलते त्यावरून, आणि ती जिच्यात हलते त्या जागेच्या आकारावरून.

दिशा म्हणजे काय ते तंबोऱ्यावरच बघा. तार वर-खाली हलू शकते आणि आडवी हलू शकते, दोनच. तिच्या लांबीच्या बाजूने ताणूनही पोलादी तार थोडी हलते, पण स्ट्रिंग थिअरीतली तार तशी हलत नाही, कारण तिच्यावर खूण करता येईल असा कुठला बिंदूच नसतो, पेनाने टिपका देऊन 'हा इथला तुकडा सरकला' असं म्हणताच येत नाही. तिचं हलणं फक्त आडवं. आणि दहा मितींचं जग म्हणजे एक काळ आणि नऊ दिशा, त्यातली एक तारेच्या लांबीने खाल्ली की उरल्या आठ. आठ बाजूंनी हलणारी तार. आणखी एक, आमची तार दोन टोकांना बांधलेली, खुंटीला आणि खाली लंगोटाला. पण त्यांच्यात बंद तारही असते, रबर बँडसारखी, तिला ना खुंटी ना घोडी, तिच्यावर लाटा दोन्ही बाजूंनी स्वतंत्र फिरतात, आणि एक इकडची आणि एक तिकडची अशी जोडी जमली की तोच तो नको असलेला पाहुणा, ग्रॅव्हिटॉन, निघतो. उघड्या तारेतून फोटॉनसारखे कण निघतात. आणि उघड्या तारेची दोन टोकं एकमेकांना चिकटून बंद तार होऊ शकतेच, म्हणून गुरुत्वाकर्षण टाळायचं म्हटलं तरी टळत नाही. एवढं तरी सांगा ना! यात ओंकाराची काय गरज आहे?

आणि मग येते घोडी. आपल्याला तीन दिशा दिसतात, बाकीच्या सहा कुठे? तर गुंडाळलेल्या. ही कल्पना जुनी, कालुझाने १९१९ मध्ये आइनस्टाइनला कळवली होती की एक जास्तीची मिती धरली तर गुरुत्वाकर्षणातूनच वीजचुंबकत्व निघतं, आणि १९२६ मध्ये क्लाइनने ती मिती बारीक गुंडाळून ठेवली. १९८५ मध्ये कँडेलास, होरोविट्झ, स्ट्रॉमिंजर आणि विटन यांनी दाखवलं की सहा मिती गुंडाळायला कालाबी-याउ नावाचे आकार चालतात. त्या आकाराला भोकं किती, वळणं कशी, त्यावरून ठरतं की कणांची घराणी किती, कुणाला किती बल. म्हणजे जगाचा आवाजच त्या आकारावरून ठरणार. तार सगळीकडे एकच, घोडी वेगळी. आमच्या धंद्यात जे आहे अगदी तेच, आणि तुम्ही मात्र नुसती तार छेडून टाळ्या घेता.

बरं, घोडी का सांगत नाही ते मला कळतं. कारण घोडी सांगितली की पुढचं सांगावं लागतं. असे आकार किती, तर त्यात भरायच्या फ्लक्सचे (चुंबकीय क्षेत्रासारख्या क्षेत्रांचे) पर्याय धरून नेहमी सांगितला जाणारा अंदाज १ वर ५०० शून्यं. २००३ मध्ये काचरू, कॅलोश, लिंडे आणि टीआयएफआरचे संदीप त्रिवेदी यांनी दाखवलं की या आकारांना आपल्यासारख्या फुगत्या विश्वात स्थिर कसं ठेवता येईल, तो पेपर अतिशय गाजला आणि त्यावर वादही अजून चालूच आहे, काही जण म्हणतात अशी विश्वं खरं म्हणजे या थिअरीत बसतच नाहीत. आता आमच्या दुकानात कुणी १ वर ५०० शून्यं इतक्या घोड्या आणून ठेवल्या आणि म्हणाला यातली एक बरोबर लागेल, तर मी कानस खाली ठेवून चहा प्यायला जाईन. काही शास्त्रज्ञ म्हणतात की सगळ्याच घोड्यांची विश्वं कुठे ना कुठे आहेत आणि आपण आपल्याला सोसेल अशीत जन्मलो, काही म्हणतात हे विज्ञान नाही, ही हार आहे. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, पण माझ्या मताला काय किंमत.

प्रयोगाचं म्हणाल तर जिनिव्हाजवळचं लार्ज हेड्रॉन कोलायडर २७ किलोमीटरचं, १३.६ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टची टक्कर करतं, आणि प्लँकच्या पातळीला जायला साधारण १ वर १५ शून्यं इतक्या पट जास्त ऊर्जा लागेल. तिथे २०१२ मध्ये हिग्ज सापडला. सुपरसिमेट्रीचे कण (माहीत असलेल्या प्रत्येक कणाचे जोडीदार), ज्यांच्यावर स्ट्रिंगवाल्यांची बरीच भिस्त होती, ते आजपर्यंत सापडलेले नाहीत. त्याने थिअरी खोटी ठरत नाही कारण ते कण कितीही जड असू शकतात, पण मग खरी ठरणार कशी हा प्रश्न उरतोच, आणि भाषणात हे वाक्य मी एकदाही ऐकलेलं नाही.

मी नुसती नावं ठेवायला बसलोय असं नाही. हिशोबाच्या दुसऱ्या बाजूला पण मोठे आकडे आहेत. बेकेन्स्टाइन आणि हॉकिंग यांनी १९७० च्या दशकात सांगितलं होतं की ब्लॅक होलची एन्ट्रॉपी (आतल्या संभाव्य अवस्थांचं माप) त्याच्या पृष्ठभागाच्या चौथ्या हिश्शाइतकी, पण ती कशाची मोजणी आहे ते कुणाला सांगता येईना. १९९६ मध्ये स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी एका खास जातीच्या ब्लॅक होलसाठी तारा आणि ब्रेन (तारेऐवजी पडद्यासारख्या पसरलेल्या वस्तू) वापरून आतल्या अवस्था अक्षरशः मोजल्या आणि तो चौथा हिस्सा चोख निघाला. त्याआधी वर्षभर अशोक सेन त्याच दिशेने गेले होते, आणि पुढे या मोजणीत आपल्या कोल्हापूरकडच्या अतिश दाभोळकरांचंही मोठं काम आहे, जे २०१९ मध्ये इटलीतल्या त्रिएस्तेच्या आयसीटीपी या भौतिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय केंद्राचे संचालक झाले, म्हणजे सलाम यांनीच १९६४ मध्ये सुरू केलेली संस्था. १९९५ मध्ये विटनने मांडलं की पाच वेगवेगळ्या वाटणाऱ्या स्ट्रिंग थिअऱ्या अकरा मितींच्या एकाच मोठ्या थिअरीच्या बाजू आहेत, १९९७ मध्ये मालदासेनाने मांडलं की एका प्रकारच्या जगातलं गुरुत्वाकर्षण त्या जगाच्या कडेवरच्या, गुरुत्वाकर्षण नसलेल्या थिअरीत जसंच्या तसं लिहिता येतं. या शेवटच्या दोन गोष्टी अजून काटेकोर सिद्ध झालेल्या नाहीत, पण गणिताच्या कितीतरी तपासण्यांत टिकल्यात. २००१ च्या जानेवारीत यांची जागतिक परिषद मुंबईत टीआयएफआरला भरली होती, हॉकिंग आले होते, पेपरात फोटो होते. म्हणजे ही गोष्ट आपल्या दारात होऊन गेलीय, ऋषींपर्यंत जायची गरजच नाही.

आणि दुसरी वाटही आहे हे सांगत जा. शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये आइनस्टाइनचं गणित नव्या चलांत लिहिलं आणि त्यातून लूप क्वांटम ग्रॅव्हिटी उभी राहिली, तिला जास्तीच्या मिती लागत नाहीत, ती सगळी बलं एकत्र करायच्या भानगडीत पडत नाही, फक्त गुरुत्वाकर्षण क्वांटम करायचं म्हणते. तिच्याही अडचणी आहेत. पण मराठी माणूस एका बाजूला, मराठी माणूस दुसऱ्या बाजूला, असा सामना असताना आमच्या व्याख्यानात एकाचंही नाव येत नाही, याला काय म्हणायचं.

ओंकाराबद्दल एवढंच, की आमच्या घरात देव्हारा आहे, काम सुरू करताना तंबोऱ्याला नमस्कार करतो, श्रद्धेवर माझं काही म्हणणं नाही. पण ज्याला आठ आडव्या दिशा, स्पिन दोन आणि पृष्ठभागाचा चौथा हिस्सा हे काढता येतं ती स्ट्रिंग थिअरी, आणि ज्याला नुसतं 'सगळं कंपन आहे' म्हणता येतं ते दुसरं काहीतरी. दुसरं सांगून पहिल्याचं मानधन घेऊ नका. तुमच्यानंतर आठवड्याने त्याच हॉलमध्ये व्हायब्रेशन थेरपीवाले येतात आणि तुमच्याच स्लाइडा दाखवून पाच हजाराचं शिबिर विकतात.

राहिला त्या मुलीचा प्रश्न. ऊर्जा म्हणजे पितळ-पोलादासारखा माल नाही की त्याची तार ओढावी, ती मोजायची गोष्ट आहे, जशी किंमत. कुणी विचारलं हा तंबोरा कशाचा बनलाय आणि मी म्हटलं चाळीस हजारांचा, तर ते उत्तर झालं का? खरं उत्तर असं की या थिअरीत तार कशाचीच बनलेली नाही, बाकी सगळं तिचं बनलेलं आहे. तिच्या आत काही नाही, म्हणून 'कशाची' हा प्रश्न तिथे थांबतो, निदान थिअरी तसं म्हणते, आणि १९९५ नंतर तर तारसुद्धा शेवटची आहे की नाही याबद्दल त्याच लोकांना शंका आहे, कारण अकरा मितींच्या त्या मोठ्या थिअरीत तारा नसून पडदे आहेत. आठवीतल्या मुलीला हे समजलं असतं. कदाचित तिने पुढचा प्रश्न विचारला असता आणि सरांची अडचण झाली असती, होऊ द्यायची होती.

असो, दुकानात या कधीही, जवारी लावताना दाखवतो, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि पुढच्या भाषणाला तंबोरा लागला तर जरूर देईन, उभा धरा एवढंच. दोरे मात्र मोजून देणार आणि मोजून घेणार, चार.

आपला,
मिरजेचा एक तंबोरेवाला